हलकी चाकं, जड जावई

यशोधन देवस्थळी रेगेन्सबर्गमध्ये मोटारींच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत होता आणि त्याचं काम होतं वजन कमी करणं. सीटचं. कुठल्या पत्र्याला भोक पाडता येईल, कुठली दांडी थोडी बारीक करता येईल, कुठल्या स्क्रूवाचून भागेल, हे तो दिवसभर बघायचा. इतक्या वर्षांत त्याने सीटमधून जेवढं काढलं तेवढं स्वतःच्या अंगावर चढवलं, असं त्याची बायको सुलेखा म्हणायची. सुलेखा एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती आणि मोजमापाच्या बाबतीत तिचं सहसा चुकत नसे.

सायकलचं वेड त्याला ऑफिसातल्या सुमितने लावलं. सुमित जळगावचा, काडीसारखा. दर रविवारी दोघं डॅन्यूबच्या काठाने निघायचे. सपाट रस्त्यावर यशोधन त्याच्या बरोबरीने जायचा, कधी पुढेसुद्धा. पण डोनाउस्टाउफ गावात वालहाला ह्या स्मारकाच्या टेकडीचा चढ लागला की सुमित नुसता सुटायचा. एकदा तर तो चढावर जळगावला आईशी फोनवर बोलत होता. मागून धापा टाकत येणाऱ्या यशोधनला ऐकू आलं, "नाही गं, एकटा नाहीये. यशोधनदादा आहे ना, येतोय मागून."

त्या दिवशी घरी आल्यावर यशोधनने ठरवलं, चाकं बदलायची.

ह्या निर्णयामागे शास्त्र होतं आणि ते त्याने सुलेखाला भाजी चिरता चिरता समजावलं. सायकलचं इतर वजन नुसतं वाहायचं असतं, पण चाकाचं वजन फिरवायचंही असतं. म्हणून चाकातला एक ग्रॅम कमी झाला तर त्याचा फायदा जास्त.

"आणि सायकलवर बसलेल्या माणसातला एक ग्रॅम कमी झाला तर?" सुलेखाने विचारलं.

"तो फिरत नाही ना," यशोधन म्हणाला.

"ते दिसतंच आहे," सुलेखा म्हणाली आणि कांदा कढईत टाकला.

त्याच सुमारास सुलेखाची आई मनोरमाबाई सांगलीहून उन्हाळ्यापुरत्या राहायला आल्या. वडील, उल्हासराव, विमानात पाय ठेवायला तयार नसल्यामुळे सांगलीतच राहिले. मनोरमाबाईंनी सगळी नोकरी मुलींच्या शाळेत पीटी शिकवण्यात घालवलेली. त्यांच्या खो-खोच्या मुली राज्यपातळीवर खेळल्या होत्या. वय एकोणसत्तर, पण चाल अशी की त्यांच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे जावयाला अधूनमधून पळावं लागायचं. आल्यापासून त्यांनी फोनवर जर्मन शिकायला घेतलं होतं. व्याकरण त्यांनी दुसऱ्या दिवशीच सोडून दिलं, पण आकड्यांवर मात्र त्या खूष झाल्या.

"अहो यशोधनराव, हे लोक अगदी आपल्यासारखे आहेत! इंग्रजीत आधी वीस, मग एक. आपलं कसं, एकवीस. आधी एक, मग वीस. यांचंही तसंच!" आणि मग रस्त्याने जाताना घरांचे नंबर, बसचे नंबर, गाड्यांच्या पाट्या, जे दिसेल ते त्या खणखणीत जर्मनमध्ये वाचायला लागल्या.

पुढच्या शनिवारी सुलेखाला लॅबमध्ये ड्यूटी होती. आईंना घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून यशोधन त्यांना घेऊनच सायकलच्या दुकानात गेला. सुमितही सल्ला द्यायला आला.

दुकानाचे मालक हेर आउम्युलर हे साठीचे, उंच, आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी तीन जोड्या काउंटरवर मांडल्या. पहिली ॲल्युमिनियमची, भरपूर स्पोकची, दिसायला साधी. दुसरी कार्बनची, उंच रिमची. सपाटीवर वारा कापत जाणारी, पण आडवा वारा सुटला तर सायकल भलतीकडे ओढणारी. तिसरीही कार्बनची, पण बुटक्या रिमची, मोजक्या स्पोकची, खास डोंगरासाठी.

यशोधनने तिसऱ्या जोडीतलं एक चाक उचललं. म्हणजे उचलायला गेला आणि हात अपेक्षेपेक्षा वरच गेला. त्याने ते फिरवलं. कर्रर्र असा बारीक, श्रीमंत आवाज आला. आयुष्यभर वजन काढणाऱ्या माणसाला त्यात काढण्यासारखं काहीच उरलेलं दिसेना. त्याला भरून आलं.

"आई, बघा, धरून बघा!"

मनोरमाबाईंनी एका बोटावर चाक तोललं. "पापडाची परात जड असते याच्यापेक्षा," त्या म्हणाल्या, आणि यशोधनला ती शाबासकीच वाटली.

"हीच," तो आउम्युलरना म्हणाला.

"हो, छान आहेत," आउम्युलर म्हणाले. त्यांनी मनोरमाबाईंना स्टूल दिलं, कॉफीचा कप हातात दिला, त्यांच्याकडे बघून किंचित मान लववली आणि मग यशोधनकडे वळले. "तर, सिस्टेमगेविश्ट किती आहे? म्हणजे तुम्ही, सायकल, पाण्याची बाटली, सगळं मिळून. या चाकांना शंभर किलोची मर्यादा आहे. सायकल तुमची आठची. तुमचं स्वतःचं वजन?"

यशोधनचं वजन चौऱ्याण्णव होतं. त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात सुमित हौसेने त्याच्या कानात म्हणाला, "माझं एकसष्ट!" कुणी विचारलं नव्हतं. यशोधनने उघडलेलं तोंड मिटलं. चाक अजून त्याच्या हातात होतं, अजून फिरत होतं.

"त्स्वाय-उंड-आख्त्सिश," तो म्हणाला. ब्याऐंशी.

आउम्युलरनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं. चेहरा हलला नाही. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं ते म्हणाले आणि ऑर्डर घेतली. चाकं यायला महिनाभर लागणार होता.

दुकानातून बाहेर पडताना यशोधनने हिशेब केला. कपडे, बूट, बाटली धरूनही महिन्याभरात चार किलो कमी केलं की सगळं मर्यादेत बसतं. मग आकडा खोटा असला तरी मर्यादेत बसतो हे खोटं राहणार नाही. जरा लवकर सांगितलेलं खरं होईल. ह्या विचाराने तो इतका हलका झाला की मनोरमाबाई वाटेत एकही नंबर वाचत नाहीयेत, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

बसस्टॉपवर मात्र आलं. मनोरमाबाई बाकावर बसल्या होत्या. आजवर त्या कधी बसल्या नव्हत्या.

"पाय दुखतायत का, आई?"

"दुखणारच. वय काय कमी झालंय का माझं?" त्या समोर बघत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जिना चढताना हात मागितला. तिसऱ्या दिवशी नदीकाठी फिरायला येणार नाही म्हणाल्या, "या वयात कसलं आलंय फिरणं!" दोन दिवसांनी बसमध्ये एका कॉलेजच्या मुलाला त्यांनी खुणेने उठवलं आणि त्याच्या जागी बसून यशोधनकडे असं बघितलं की त्याला काही कळेना. घरात चहाचा कप दिला तर म्हणायच्या, "ठेवा तिथे. हात थरथरतात हो आताशा." हात अजिबात थरथरत नव्हते. त्या हातांनी त्यांनी सकाळीच लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडलं होतं, जे यशोधनला उघडलं नव्हतं.

"सुलेखा, आईंना काहीतरी होतंय," तो रात्री म्हणाला. "एकदम म्हाताऱ्यासारख्या वागायला लागल्यात."

सुलेखाने आईचं ब्लडप्रेशर मोजलं. तिच्या स्वतःच्यापेक्षा चांगलं निघालं.

इकडे मनोरमाबाईंना वेगळीच काळजी लागली होती. राग एका जागी आणि जावयाचा पाहुणचार दुसऱ्या जागी, ह्या दोन्हींची त्यांनी कधी गल्लत केली नव्हती. त्यांनी पुरणपोळी केली. यशोधनने अर्धी खाल्ली. त्यांनी मसालेभात केला. त्याने चमचाभर घेऊन पोट दुखतंय म्हणून सांगितलं. त्यांनी साबुदाणावडे तळले, तेव्हा तो सायकल पुसायच्या निमित्ताने तळघरात गेला आणि वास जाईपर्यंत वर आला नाही. चहा बिनसाखरेचा. भाकरी एक, तीही चतकोर ठेवून.

एका संध्याकाळी बाल्कनीतून त्यांचा आवाज त्याच्या कानावर आला. त्या उल्हासरावांशी बोलत होत्या.

"नाही हो, बोलतात गोडच. पण मनात काय आहे ते मला कळलं त्या दिवशी. ते जाऊ दे. मला दुसरीच शंका आहे. साखर निघालीये त्यांना. सुलेखापासून लपवतायत... नाही, तिला नाही विचारलं. उगीच त्यांच्यात कशाला?"

यशोधनला यातलं शेवटचं समजलं, आधीचं समजलं नाही. मनात काय आहे ते कळलं, म्हणजे काय कळलं? वजन कळलं की काय? पण त्यांना जर्मन येत नव्हतं. तो रात्रभर कूस बदलत राहिला आणि सकाळी काट्यावर उभा राहिला. महिना संपत आला होता आणि उतरला होता जेमतेम दीड किलो.

चाकं आली. आउम्युलरनी ती स्वतःच बसवून दिली आणि "गुटे फार्ट," म्हणाले. शुभ प्रवास. यशोधनला त्या दोन शब्दांतही काहीतरी दडलेलं वाटलं.

आता इथे यशोधनच्या स्वभावाची अडचण आली. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, दोन-अडीच किलो इकडेतिकडे, त्याने काय होतं? पण ऑफिसात हेच वाक्य कुणी म्हटलं की त्याची खरडपट्टी काढणारा माणूस यशोधनच होता. मर्यादा म्हणजे मर्यादा, असं त्याने ट्रेनी मुलांना इतक्या वेळा सांगितलं होतं की आता ते त्याच्या स्वतःच्या कानात त्याच्याच आवाजात ऐकू येत होतं.

तरी रविवारी तो निघाला. न निघून सांगणार काय? शिवाय सुलेखाला सुट्टी होती, तर ती म्हणाली, आम्ही दोघी बसने डोनाउस्टाउफला येतो, तिथल्या आइसडीलेमध्ये, म्हणजे आइस्क्रीमच्या दुकानात, बसतो, तुम्ही टेकडी उतरून तिथेच या. मनोरमाबाई म्हणाल्या, "येते. किती दिवस उरलेत माझे हे सगळं बघायला." सुलेखाने आईकडे चमकून पाहिलं.

चढ मात्र सुरेख झाला. चाकं खरोखरच हलकी होती आणि यशोधनही दीड किलोने का होईना, होताच. सुमित पुढे होता, पण नेहमीसारखा दिसेनासा झाला नाही. वर पोचल्यावर त्याने मागे वळून "अरे वा, दादा!" म्हटलं आणि यशोधनने खाली पसरलेली डॅन्यूब, शेतं, लाल कौलं एकदा डोळे भरून पाहून घेतली. त्याला वाटलं, जगात वजन ही गोष्टच नाही.

मग उतरायची वेळ आली.

सुमित "चला!" म्हणून वळणाआड गेलाही. यशोधनने पेडलवर पाय ठेवला, दहा-वीस फूट गेला आणि खालून कुठून तरी आवाज आला, टक्. त्याने दोन्ही ब्रेक दाबले. उतरून पाहिलं. स्पोक शाबूत. खडा उडाला असेल. पुन्हा बसला. पुन्हा टक्. आता त्याच्या डोळ्यांसमोर ऑफिसच्या लॅबमधले ते मोडलेले नमुने आले, ज्यांचे फोटो तो ट्रेनी मुलांना घाबरवायला दाखवायचा. कार्बन वाकत नाही, एकदम तुटतो, हे वाक्यही त्याचंच.

तो उतरला. सायकल क्षणभर हातात धरून उभा राहिला. मग त्याने ती खांद्यावर घेतली. चाकं हलकी असल्याचा हा एक फायदा निर्विवाद होता.

सायकलच्या कडक तळव्यांच्या बुटांत डांबरी रस्त्याने उतार चालत उतरणं म्हणजे घोड्याला जिना उतरायला लावण्यासारखं. टाप, टाप, टाप. समोरून फिरायला आलेलं एक वयस्कर जोडपं वर येत होतं. आजोबा थांबले.

"पाने?" त्यांनी विचारलं. पंक्चर?

"नाइन, नाइन," यशोधन म्हणाला. "सगळं ठीक आहे."

आजोबांनी खांद्यावरच्या सायकलकडे पाहिलं, धडधाकट चाकांकडे पाहिलं. "मग ती तुम्हाला का नेत नाही?"

यशोधनने सायकल दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि तो टाप टाप करत पुढे निघाला.

खाली आइसडीलेच्या बाहेर सुलेखा आणि मनोरमाबाई छत्रीखाली बसल्या होत्या. सुमित केव्हाच येऊन, आइस्क्रीम खाऊन, जरा काळजीत पडून पुन्हा रस्त्याकडे बघत उभा होता. वळणावरून आधी आवाज आला, टाप, टाप. मग घामाने निथळणारा यशोधन आला, आणि त्याच्या खांद्यावर स्वार होऊन सायकल आली.

"पडलास?" सुलेखा उठून धावली.

"नाही."

"चक्कर आली!" मनोरमाबाई धावत आल्या. त्या दोघींत आधी पोचल्या. "साखर कमी झाली असणार. बसा, बसा इथे. सुलेखा, आइस्क्रीम माग. मला माहीत होतं. आता लपवू नका, यशोधनराव. डायबेटीस आहे ना तुम्हाला?"

"काय?" सुलेखा म्हणाली.

"नाही हो आई!" यशोधन खुर्चीत कोसळला. खुर्ची करकरली आणि त्याने त्या आवाजालाही दचकून खाली पाहिलं. मग त्याला ते सगळंच असह्य झालं. "मला काही झालेलं नाही. माझं वजन जास्त आहे. या चाकांना चालत नाही इतकं. मी दुकानात खोटं सांगितलं. ते म्हणाले वजन किती, मी म्हणालो ब्याऐंशी. म्हणून महिनाभर तुमच्या पुरणपोळ्या सोडून..."

"थांबा," मनोरमाबाई म्हणाल्या.

सगळे थांबले. त्यांनी तीन दशकं मैदानावर हाच शब्द उच्चारला होता आणि त्याचा परिणाम अजून ओसरला नव्हता.

"ते ब्याऐंशी तुमचं वजन होतं?"

"हो. म्हणजे नव्हतं. पण सांगितलं तेच."

"त्या माणसाने मला कॉफी दिली, माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मग तुम्हाला काहीतरी विचारलं. तुम्ही म्हणालात, ब्याऐंशी." मनोरमाबाईंचा चेहरा लाल झाला होता. "मला वाटलं, त्याने माझं वय विचारलं!"



"आई!" सुलेखा म्हणाली. "म्हणून तू महिनाभर जिन्यावर हात..."

"मग काय करू? जावयाला मी ब्याऐंशीची दिसते म्हटल्यावर? एकोणसत्तर पूर्ण झालीत गं मला फक्त! म्हटलं, ठीक आहे, ब्याऐंशीची तर ब्याऐंशीची. वागून दाखवते." आणि मग आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग छत्री हलायला लागली. त्या हसत होत्या. सुलेखा टेबलावर डोकं ठेवून हसत होती. सुमित तोंड वळवून हसत होता, कारण दादा ऑफिसात त्याला सीनियर होता. शेवटी यशोधनही हसला, आणि समोर आलेलं तीन गोळ्यांचं आइस्क्रीम त्याने महिन्याभराच्या भुकेने संपवलं.

हसून झाल्यावर मनोरमाबाई उठल्या आणि सायकलभोवती एक चक्कर मारून आल्या.

"सुलेखा, बस हिच्यावर."

"मी? आई, मी शेवटची सायकल कॉलेजात..."

"उंची तुमची सारखीच आहे. वजन तुझं कमी आहे. चाकं काय गंजत ठेवायची? बस."

सुमितने सीट दोन बोटं खाली केली. सुलेखा साध्या बुटांनी, कुर्ती सावरत बसली, दोन-तीनदा डगमगली, आणि मग चढाच्या दिशेने वळली. मनोरमाबाई टाळी वाजवून ओरडल्या, "मान वर! खाली बघू नकोस!" सुलेखाने मान वर केली आणि ती पहिल्या वळणाला दिसेनाशी झाली.

ते वाट बघत बसले. बऱ्याच वेळाने वरून कर्रर्र असा आवाज आला आणि केस मोकळे सुटलेली, गाल लाल झालेली सुलेखा वाऱ्यासारखी खाली आली. थांबता न आल्यामुळे दुकानाच्या पुढे जाऊन, वळून, परत आली.

"यशोधन," ती धापा टाकत म्हणाली, "ही मी ठेवतेय."

त्याच आठवड्यात यशोधन एकटाच आउम्युलरच्या दुकानात गेला आणि त्याने एका दमात खरं वजन सांगून टाकलं. आउम्युलरनी नेहमीप्रमाणे चेहरा न हलवता ऐकून घेतलं.

"पुरुष गिऱ्हाइकांच्या वजनात मी दहा मिळवूनच चाकं देतो," ते म्हणाले. "तुमचे ब्याऐंशी म्हणजे कपडे-बाटलीसकट ब्याण्णव धरले. सायकल आठ. शंभर. बसत होतं. बारा कमी करणारे तुम्ही पहिलेच." मग आत जाऊन त्यांनी एक जुनी, भक्कम, पोलादी रेसिंग सायकल आणली. तिच्या चाकांत स्पोकांची नुसती दाटी होती. "ही घ्या. हिच्यावर दोघंसुद्धा बसू शकाल."

मनोरमाबाई परत जाईपर्यंत उन्हाळाभर दर रविवारी तिघं डोनाउस्टाउफला जायचे आणि त्या बसने पुढे जाऊन चढाच्या सुरुवातीला उभ्या राहायच्या. सुमितचं चढावर आईशी बोलणं बंद झालं. सुलेखा शेजारून गेली की त्याला बोलण्याइतका श्वास उरत नसे. यशोधन सगळ्यांत शेवटी, सावकाश, पुरणपोळीच्या जोरावर वर पोचायचा.

उतार मात्र त्याचा होता. जड सायकल, जड माणूस आणि त्याला कशाचीही भीती नाही. तो हातांत नुसतं हँडल धरायचा आणि बाकी सगळं वजनावर सोपवून द्यायचा. पहिल्या वळणाआधी सुमित मागे पडायचा, दुसऱ्याआधी सुलेखा. "यशोधन, ब्रेक!" असा तिचा आवाज वाऱ्यात विरून जायचा. ती खाली पोचेपर्यंत त्याचा पहिला गोळा खाऊन झालेला असायचा, आणि मनोरमाबाई दुकानदाराला खणखणीत जर्मनमध्ये दुसऱ्याची ऑर्डर देत असायच्या.